कळांवरचा बर्फ: दातदुखीपासून प्रसूतिकक्षापर्यंत

प्रसूतीच्या कळा सुरू असताना दुखणे कमी करण्यासाठी हातावर बर्फ चोळावा, ही कल्पना आली दातदुखीच्या संशोधनातून. थंडीने अंग बधिर होते, हे वैद्यांना फार पूर्वीपासून माहीत होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये बर्फ आणि मिठाचे मिश्रण लावून कातडी बधिर करण्याचे प्रयोगही झाले. मात्र बाळंतपणात १८४७ मध्ये आधी ईथर आणि मग क्लोरोफॉर्म आले, १८५३ मध्ये ब्रिटनच्या राणीने प्रसूतीवेळी क्लोरोफॉर्म घेतले आणि वेदनाशमनाची वाट औषधांकडे वळली. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबवण्यासाठी तेवढा बर्फ वापरात राहिला.

वेदनेचे संदेश मज्जारज्जूतच अडवता येतात, हा सिद्धांत १९६५ मध्ये मांडला गेला आणि बर्फाकडे पुन्हा लक्ष गेले. १९८० मध्ये कॅनडात दातदुखीच्या रुग्णांच्या हातावर, अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या मांसल भागावर बर्फ चोळून पाहिला. बहुतेकांची वेदना निम्म्याने किंवा त्याहून जास्त उतरली. हात आणि दात एकमेकांपासून इतके दूर असल्यामुळे जागा बधिर झाली, असे म्हणण्याची सोय नव्हती. दुसरीकडच्या तीव्र संवेदनेमुळे मूळ वेदना दबत असावी, हे स्पष्टीकरण पुढे आले.

प्रसूतीच्या दृष्टीने हा मुद्दा कळीचा आहे. कळांचे दुखणे गर्भाशयात, खोलवर असते. पोटावर ठेवलेल्या पिशवीचा गारवा तिथवर पोहोचत नाही. त्यामुळे बर्फाचा उपयोग होत असेल, तर तो मज्जारज्जू आणि मेंदूच्या मार्गानेच. हाताची ती जागा अॅक्युपंक्चरमध्येही महत्त्वाची आहे आणि त्या परंपरेत गरोदरपणी ती दाबणे वर्ज्य मानतात, कारण त्याने कळा येतात असा समज आहे. कळा सुरू झाल्यावर ही अडचण उरत नाही.

२००३ मध्ये अमेरिकेत नेमक्या याच जागेवर, कळा सुरू असताना बर्फ चोळला गेला. स्त्रिया पन्नासहून कमी, तुलनेसाठी दुसरा गट नाही, फक्त आधीची आणि नंतरची वेदना मोजलेली. वेदना उतरली, उजव्यापेक्षा डाव्या हातावर बर्फ चोळल्यावर जास्त. कळा पुढे सरकतात तसे दुखणे वाढते, म्हणून ही घट दखल घेण्याजोगी आहे. जवळ बसून कोणी हात धरला, याचा वाटा त्यात किती, हे मात्र त्या मांडणीतून वेगळे काढता येत नाही. पुढच्या दशकात इराणमध्ये चिठ्ठ्या टाकून गट पाडावेत तशी यादृच्छिक चाचणी झाली. पोट आणि कमरेवर दर अर्ध्या तासाने दहा मिनिटे थंड पॅक ठेवले. ते मिळालेल्या स्त्रियांची वेदना नेहमीच्या देखभालीतल्या स्त्रियांपेक्षा कमी नोंदली गेली. अंगावर बर्फ आहे की नाही, हे बाईपासून लपवता येत नाही, ही अशा प्रत्येक चाचणीची मर्यादा आहे.

खरा वाद जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांपाशी येतो. वेदनाशमन मागणाऱ्या निरोगी गर्भवतींसाठी त्यात मालिश आणि गरम शेक यांची शिफारस आहे. थंड शेकाची नाही. वरवर पाहता हे पुराव्याला धरून वाटते. पण मालिश आणि गरम शेकाचा पुरावाही भक्कम नव्हता. तिथे स्त्रियांची पसंती, कमी खर्च आणि नगण्य धोका यांना वजन दिले गेले. हेच निकष थंडीला लावता आले असते. कपडा मध्ये ठेवून, थोडा वेळ आणि एपिड्युरलने (पाठीच्या कण्यापाशी दिलेल्या वेदनाशामक औषधाने) बधिर झालेली जागा टाळून लावलेल्या बर्फाचा धोका फारसा नाही. अंगाची आग होते, घाम फुटतो, गरम काही नकोसे वाटते, अशा बाईला या शिफारशीत थंडाव्याचे काहीच मिळत नाही. माझ्या मते ही उणीव मोठी आहे. थंडी निरुपयोगी ठरली म्हणून ती वगळली, असा अर्थ त्यातून काढला जाऊ शकतो. तसे कोणी सिद्ध केलेले नाही.

प्रसूतीनंतर टाक्यांच्या जागी बर्फ ठेवणे मात्र कित्येक प्रसूतिगृहांत नित्याचे आहे. त्यावरचे चाचण्यांचे आढावेही पुरावा तोकडा असल्याचेच सांगतात, तरी ती पद्धत कोणी बंद केलेली नाही.