मायएसक्यूएलचा रूट पासवर्ड: जुनी कमांड आता का चालत नाही

मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरमधल्या रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचा, पासवर्ड विसरला की बहुतेक जण वर्षानुवर्षे फिरत असलेली तीच कमांड चालवतात: सर्व्हर ‘स्किप-ग्रँट-टेबल्स’ देऊन चालू करायचा आणि ‘युजर’ टेबलमधला ‘पासवर्ड’ कॉलम अपडेट करायचा. नव्या सर्व्हरवर उत्तर येते, त्रुटी १०५४: असा कॉलमच नाही.

१९९५ साली स्वीडनमध्ये सुरू झालेला मायएसक्यूएल खाती आणि परवानग्या स्वतःच्याच डेटाबेसमधल्या टेबलांत ठेवतो आणि सुरू होताना ती मेमरीत वाचून घेतो. ‘स्किप-ग्रँट-टेबल्स’ देऊन ‘वाचू नकोस’ म्हटले की कोणीही पासवर्डविना आत शिरतो. मशीनचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा, रूट ज्याच्या हाती, डेटाबेसही त्याच्याच हाती. ही युक्ती आजही चालते. बदलली ती टेबले.

४.१ आवृत्तीत पासवर्डचा हॅश, म्हणजे टेबलात ठेवलेले त्याचे सांकेतिक रूप, १६ अक्षरांवरून ४१ वर गेला. खरा धक्का ५.७ ने २०१५ मध्ये दिला. तोवर नव्या इन्स्टॉलेशनमध्ये रूटला बहुधा पासवर्डच नसे. ५.७ पासून ‘इनिशियलाइझ’ करताना सर्व्हर स्वतः तात्पुरता पासवर्ड तयार करून एरर लॉगमध्ये लिहितो. सर्व्हर नवा असेल तर आधी तिथेच पाहा. कित्येकदा पासवर्ड विसरलेला नसतो, वाचलेलाच नसतो. याच आवृत्तीत ‘पासवर्ड’ कॉलम गेला आणि हॅश ‘ऑथेंटिकेशन_स्ट्रिंग’ या कॉलममध्ये राहू लागला. २०१८ च्या ८.० ने ‘पासवर्ड()’ हे फंक्शनही काढले, म्हणून सुधारलेली कमांडसुद्धा तिथे सिंटॅक्स त्रुटी देते.

आता खाते बदलणारे ‘ऑल्टर युजर’च वापरायचे. पण ग्रँट टेबले वगळलेली असताना ते त्रुटी १२९० देऊन अडते; आधी ती टेबले पुन्हा वाचायला लावणारे ‘फ्लश प्रिव्हिलेजेस’ चालवा. ५.७ वर ‘स्किप-नेटवर्किंग’ही जोडाच, नाहीतर तेवढ्या वेळात नेटवर्कवरून कोणीही आत येईल. ८.० हे आपोआप करतो.

त्यापेक्षा ‘इनिट-फाइल’, म्हणजे सर्व्हर सुरू होताना स्वतः चालवतो ती कमांडची फाइल, कितीतरी सुरक्षित, कारण त्यात दार क्षणभरही उघडे राहत नाही. ‘ऑल्टर युजर’ची एक ओळ फाइलमध्ये लिहा, ती ‘मायएसक्यूएल’ या सिस्टीम युजरला वाचता येऊ द्या, सर्व्हर त्या फाइलसह चालू करा. काम झाले की फाइल पुसा. पासवर्ड तिच्यात उघडा असतो. उबुंटूवर फाइल होम फोल्डरमध्ये ठेवली तर अ‍ॅपआर्मर ही सुरक्षा यंत्रणा ती वाचू देत नाही.

मायएसक्यूएलमधूनच निघालेल्या मारियाडीबीत १०.४ पासून ‘युजर’ हे टेबल नसून व्ह्यू, म्हणजे दुसऱ्या टेबलाचे नुसते दृश्य, आहे, तेव्हा तिथे अपडेटच्या नादी लागू नका. लिनक्सवर आधी ‘सुडो मारियाडीबी’ करून पाहा: रूटला सॉकेटवरून, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या युजरवरून, ओळखले जात असेल तर पासवर्ड लागतच नाही.