दगडी पाल्याची परीक्षा

कोकणात गवत कापताना विळा लागला की बांधावरचा दगडी पाला ओरबाडायचा, तळहातावर चुरगळायचा आणि रस जखमेवर पिळून वर बोट दाबून धरायचं, हे कुणाला शिकवावं लागत नाही. लांब देठावर एकच पिवळं फूल, कडेला पांढरट पाकळ्या, खरखरीत केसाळ पानं. शास्त्रीय नाव ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स, मूळ अमेरिका खंडातलं.

रक्त थांबतं, जखमही भरते. पण रक्त नुसत्या दाबानेही थांबतं, आणि साधी जखम काही न लावताही भरते. मग पाल्याचं श्रेय ठरवायचं कसं?

त्यासाठी पानं सावलीत वाळवून भुकटी करतात. पावसाळ्यात हेच काम अवघड. ओल राहिली की बुरशी धरते आणि अर्कात काय उतरलं याचा भरवसा उरत नाही. भुकटीचा अल्कोहोलमध्ये अर्क काढून तो मलमात मिसळतात. उंदरांच्या एका गटाला हे मलम, दुसऱ्याला तेच मलम, पण अर्काविना. मला हा दुसरा गटच सर्वांत मोलाचा वाटतो. कारण साध्या मलमानेही जखम ओलसर राहते, आणि ओलसर जखमेवर नवी त्वचा लवकर धरते, हे जॉर्ज विंटर यांनी 1962 मध्ये डुकरांवरच्या प्रयोगांत दाखवलं होतं.

जखमेचा आकार तर मोजतातच. शिवाय जुळलेली त्वचा किती ताणल्यावर फाटते तेही पाहतात. वरून मिटलेली जखम आतून कच्ची असू शकते. पूर्ण भरलेल्या व्रणाची ताकदही मूळ त्वचेच्या साधारण 80 टक्क्यांपर्यंतच पोचते.

दगडी पाल्याच्या अर्काने उंदरांच्या जखमा अधिक घट्ट जुळल्याच्या नोंदी आहेत. वाचून आनंद होतो. मात्र उंदराच्या कातडीखाली स्नायूचा पातळ थर असतो आणि तो जखम आवळून घेतो. माणसाची जखम मुख्यतः नव्या पेशींनी भरून येते. म्हणून उंदरांवरचे आकडे माणसांसाठीच्या जाहिरातीत पाहिले की संताप येतो. त्याआधी माणसांवर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, अशीच तुलना व्हायला हवी.

शिवाय प्रयोगशाळेतला अर्क गाळलेला असतो. बांधावरच्या पानाला माती चिकटलेली असते, आणि मातीत धनुर्वाताचे जंतू असू शकतात. जखम आधी साबणाने, वाहत्या पाण्याखाली धुवा. खोल असेल किंवा मधुमेह असेल तर पाला शोधत बसू नका, थेट आरोग्य केंद्र गाठा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा.