पांढऱ्या ढगातला पोत

पाऊस ओसरत आला की सह्याद्रीच्या माथ्यावर दुपारच्या वेळी फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे फुगलेले ढग उठू लागतात. राजमाचीच्या श्रीवर्धन किल्ल्यामागे उठलेल्या अशाच एका ढगाचा फोटो मी सप्टेंबरच्या अखेरीस टिपला होता. डोळ्यांना त्या ढगात गोळ्यावर गोळा रचलेला दिसत होता आणि प्रत्येक गोळ्याची एक बाजू लख्ख, तर दुसरी किंचित राखाडी होती. संगणकावर मात्र त्या जागी पांढराफटक डाग दिसला. त्यावर कर्सर फिरवला, तर लाल, हिरवा आणि निळा या तिन्ही रंगांचे आकडे सगळीकडे २५५ हेच, म्हणजे कमाल होते. कॅमेऱ्याने जेपेगसोबत, म्हणजे नेहमीच्या तयार चित्रासोबत, त्याच क्षणाची रॉ फाइलही, म्हणजे सेन्सरने नोंदलेले कच्चे आकडेही, साठवली होती. ती उघडून हायलाइटचा, म्हणजे सर्वांत उजळ भागांचा, स्लायडर डावीकडे सरकवला आणि हरवलेले बहुतेक गोळे परत आले. अगदी टोकाचा एक तुकडा तेवढा कोराच राहिला. जे परत आले ते कुठे दडलेले होते आणि जे आले नाही ते का आले नाही, हे समजले की एडिटिंगमधले पुष्कळसे चाचपडणे थांबते.

ढगातले पाण्याचे थेंब साधारणपणे १० ते २० मायक्रोमीटर व्यासाचे असतात, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या कितीतरी पट मोठे. एवढे मोठे थेंब सगळ्या रंगांचा प्रकाश जवळपास सारखाच विखुरतात, म्हणून ढग पांढरा किंवा राखाडी दिसतो. हवेतले रेणू मात्र तरंगलांबीपेक्षा फारच लहान असल्यामुळे निळा प्रकाश तांबड्यापेक्षा सुमारे चौपट विखुरतात आणि आकाश निळे दिसते. ढगाला स्वतःचा रंग नसल्यामुळे त्याचा सगळा पोत उजेडातल्या फरकावर उभा असतो आणि उन्हात न्हालेल्या बाजूवर हा फरक फार थोडा असतो. दोन शेजारच्या गोळ्यांमध्ये अवघ्या काही टक्क्यांचे अंतर असते. एवढे नाजूक अंतर नेमके अशा ठिकाणी असते, जिथे सेन्सरची, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पाटीची, क्षमता संपत आलेली असते.

सेन्सरचा प्रत्येक पिक्सेल प्रकाशाच्या प्रमाणात इलेक्ट्रॉन गोळा करतो. मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांत एका पिक्सेलमध्ये काही दहा हजार इलेक्ट्रॉन मावतात. पावसात ठेवलेली बादली काठोकाठ भरली की पुढे सर आली काय किंवा मुसळधार कोसळले काय, पातळी तीच राहते. पिक्सेलचेही तसेच होते. भरलेल्या पिक्सेलमध्ये दोन गोळ्यांमधला फरक नोंदलाच जात नाही आणि न नोंदलेली गोष्ट कोणताही स्लायडर परत आणू शकत नाही.

मग माझ्या फोटोतले गोळे आले कुठून? जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या असतात. १४ बिटांच्या रॉ फाइलमध्ये त्या १६,३८४ असतात आणि त्या प्रकाशाच्या सरळ प्रमाणात मांडलेल्या असतात, त्यामुळे सगळ्यांत उजळ एका स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होण्याइतके अंतर) वाट्याला निम्म्या, म्हणजे ८,१९२ पायऱ्या येतात. ढगाची उन्हातली बाजू बहुधा वरच्या पाव स्टॉपमध्येच कोंबलेली असते. तेवढ्या पट्ट्यासाठी रॉ फाइलजवळ सुमारे २,६०० पायऱ्या असतात, तर जेपेगच्या नेहमीच्या मांडणीत जेमतेम २०. त्यातच बहुतेक कॅमेरे फोटो खुलून दिसावा म्हणून जेपेग करताना उजळ भाग आणखी वर ढकलतात. कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा हिस्टोग्रामही, म्हणजे डावीकडे गडद आणि उजवीकडे उजळ पिक्सेल किती ते दाखवणारा आलेखही, सहसा त्या जेपेगवरूनच काढलेला असतो, म्हणून तो उजव्या भिंतीला टेकलेला दिसला तरी रॉ फाइलमध्ये थोडी जागा शिल्लक असू शकते.

दुसरे कारण रंगांचे आहे आणि मला ते जास्त सुंदर वाटते. सेन्सरच्या पिक्सेलांवर लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांची जाळी बसवलेली असते. कोडॅकमध्ये काम करणाऱ्या ब्राइस बायर यांना या रचनेचे पेटंट १९७६ मध्ये मिळाले. दिवसाच्या उजेडात हिरव्या गाळणीखालचे पिक्सेल सर्वांत आधी भरतात. लाल आणि निळ्यांमध्ये तेव्हा बरीच जागा उरलेली असते, म्हणून पांढरा रंग पांढरा दिसावा यासाठी व्हाइट बॅलन्स करताना त्यांचे आकडे गुणून वाढवावे लागतात. हिरवा भरून गेला आणि बाकीचे दोन शाबूत राहिले, तर सॉफ्टवेअर त्या दोघांवरून हिरव्याचा अंदाज बांधते. ढग मुळातच रंगहीन असल्यामुळे हा अंदाज चांगला लागतो. माणसाच्या चेहऱ्यावर तोच उपाय केला, तर त्वचेचा रंग हटकून बिघडतो. हा अंदाज न बांधता नुसता गुणाकार केला, की हिरवा मागे पडतो आणि ढगाच्या टोकावर गुलाबी झाक येते. तशी झाक दिसली, तर तिथला हिरवा रंग संपला होता असे खुशाल समजावे.

फोटो टिपताना एक्स्पोजर, म्हणजे सेन्सरवर पडू दिलेला प्रकाश, कमी ठेवणे हाच ढग वाचवण्याचा खात्रीचा मार्ग आहे, पण त्याची किंमत खालच्या डोंगराला मोजावी लागते. प्रकाशकणांच्या येण्यात मुळातच अनियमितपणा असतो आणि तो गोळा झालेल्या संख्येच्या वर्गमुळाइतका असतो. ढगाच्या पिक्सेलमध्ये ४०,००० इलेक्ट्रॉन जमले, तर चढउतार २०० चा, म्हणजे अर्धा टक्का. दरीतल्या झाडीत ४०० च जमले, तर चढउतार २० चा, म्हणजे पाच टक्के. झाडी उजळायला गेले की दिसणारे दाणेदार ठिपके ते हेच. त्यामुळे ढगाचा उजळ भाग जेमतेम काठाखाली राहील इतकेच एक्स्पोजर द्यावे आणि त्याहून कमी करू नये, असे माझे मत आहे.

आता प्रत्यक्ष एडिटिंगकडे येऊ. संपूर्ण फोटोचा उजेड सरसकट खाली आणला, तर ढग राखेसारखा मळकट होतो, कारण त्याच्यातले फरक तेवढेच राहतात आणि तो नुसता काळवंडतो. म्हणून चांगली साधने फोटोचे दोन थर करतात. एका थरात उजेडाची मोठी, संथ चढण असते, तर दुसऱ्यात बारीक फरक असतात. पहिला थर दाबायचा आणि दुसरा तसाच ठेवायचा किंवा थोडा वाढवायचा. हे थर साध्या अस्पष्टीकरणाने वेगळे केले, तर जिथे काळा कडा आणि उजळ आकाश भिडतात तिथे दोघांचा उजेड एकमेकांत मिसळतो आणि डोंगराच्या कडेने पांढरी किनार उमटते. अति एडिट केलेल्या फोटोंत गडाच्या तटबंदीभोवती दिसणारे वलय ते हेच. १९९८ मध्ये कार्लो तोमासी आणि रॉबर्टो मंडुची यांनी मांडलेली बायलॅटरल नावाची गणिती गाळणी इथे कामी येते. एखाद्या पिक्सेलची सरासरी काढताना ती जवळच्या पिक्सेलांपैकी साधारण तेवढ्याच उजेडाच्या पिक्सेलांना जास्त महत्त्व देते, त्यामुळे कडा ओलांडून उजेड झिरपत नाही.

ढग आणि निळे आकाश यांतले अंतर वाढवायचे असेल, तर लाल रंगाकडे पाहावे. निळ्या चॅनलमध्ये, म्हणजे फोटोतल्या फक्त निळ्याच्या आकड्यांत, आकाश आणि ढग दोन्ही उजळ असतात, तर लालमध्ये आकाश गडद होते आणि ढग तसाच राहतो. १८५० च्या दशकातल्या छायाचित्रकारांना ही सोय नव्हती. त्यांच्या कॅमेऱ्यातल्या रसायन लावलेल्या काचा निळ्या-जांभळ्या प्रकाशालाच प्रतिसाद देत असल्यामुळे आकाश कोरे पांढरे येई. म्हणून फ्रान्सचे गुस्ताव ल ग्रे समुद्र आणि आकाश यांच्या वेगवेगळ्या निगेटिव्ह घेऊन क्षितिजरेषेवर जोडत असत. विशिष्ट रंगद्रव्य मिसळल्यास काच इतर रंगांनाही प्रतिसाद देते, हे हेर्मान फोगेल यांना १८७३ मध्ये आढळले आणि मग पिवळ्या-तांबड्या फिल्टरांचा उपयोग होऊ लागला. आज निळ्या रंगाचा ल्युमिनन्स, म्हणजे उजळपणाचा, स्लायडर खाली आणला की तेच साधते. जेपेगवर मात्र हा स्लायडर जपून वापरावा, कारण जेपेगमध्ये रंगाची माहिती सहसा कमी बारकाईने साठवलेली असते आणि ढगाच्या कडेला चौकोनी ठोकळे उघडे पडतात.

फोटोतला धुरकटपणा काढणारे डीहेझचे साधन ढगावर एकदम परिणाम दाखवते. या साधनाच्या मुळाशी असलेल्या प्रसिद्ध पद्धतींपैकी एक २००९ मध्ये मांडली गेली. धुके नसलेल्या जागी बहुधा एखादा तरी रंग अगदी गडद असतो, या निरीक्षणावर ती आधारलेली आहे. ढगात असा गडद रंग नसतोच, त्यामुळे ती ढगालाच धुके समजते आणि ते पुसू पाहते. थोड्या प्रमाणात वापरले तर गोळ्यांच्या घड्या उठून दिसतात, जास्त झाले की शांत दुपारच्या ढगाला वादळाची कळा येते.

जुलैमधल्या भरून आलेल्या आकाशाची गोष्ट वेगळी आहे. घाटावर पसरलेला तो एकसंध थर मुळातच सपाट असतो. त्याच्यावर कॉन्ट्रास्ट वाढवला की पोताऐवजी ते दाणेदार ठिपके (नॉइज) आणि उजेडाचे पट्टे वर येतात. तिथे मी आकाश कमी घेतो आणि ओल्या कातळाला जागा देतो.

राजमाचीच्या त्या फोटोत शेवटी बदल फक्त ढगावरच व्हावेत म्हणून ढगापुरता मास्क घेतला, हायलाइट खाली आणले, घड्या किंचित वाढवल्या आणि पुन्हा कर्सर फिरवला. उन्हातल्या गोळ्यांवर आता २३० ते २४८ असे आकडे दिसत होते. तो कोरा तुकडा मी राखाडी केला नाही, २५५ वरच राहू दिला. ऊन थेट तिथेच पडले होते.