रिसीव्हर ते लॅपटॉप: डेटा का तुंबतो आणि काय करावे

आमच्याकडून जीपीएस रिसीव्हर विकत किंवा भाड्याने नेणाऱ्या ग्राहकांसाठी
वागळे इस्टेट, ठाणे

“डेटा मध्येच थांबतो” किंवा “काहीच येत नाही”, या दोन तक्रारी आम्ही सर्वात जास्त ऐकतो. त्यासाठी रिसीव्हर उघडावा लागतो असे क्वचितच होते. दोष बहुधा रिसीव्हर आणि लॅपटॉपच्या मधल्या वाटेत असतो आणि तो तुम्हाला साइटवरच काढता येतो.

आधी हिशेब करा. सिरियल पोर्टच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये एका अक्षराला १० बिट लागतात, म्हणून बॉड रेटला (सेकंदाला किती बिट जातात तो पोर्टचा वेग) दहाने भागा. ४८०० वर सेकंदाला ४८० अक्षरे जातात, ९६०० वर ९६०, ३८४०० वर ३८४०. रिसीव्हर डेटा एकेका ओळीत पाठवतो, त्या ओळीला वाक्य म्हणतात. स्थान सांगणारे जीजीए वाक्य साधारण ७५ अक्षरांचे असते. ते सेकंदाला १० वेळा मागितले तर ७५० अक्षरे झाली. ४८०० च्या पोर्टातून ती जाणारच नाहीत. वाक्ये अर्धवट तुटतील.

अशा वेळी अनेकजण हँडशेक चालू करतात. हँडशेक म्हणजे लॅपटॉपने “थांब” म्हटले की रिसीव्हर थांबतो आणि तोवरचा डेटा आपल्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) ठेवतो. बफर भरेपर्यंत डेटा हरवत नाही हे खरे, पण तो शिळा होतो. आमच्या मते खरा धोका इथेच आहे, कारण तुटलेले वाक्य लगेच दिसते, उशिरा आलेले दिसत नाही.

गायमुखच्या बाजूला खाडीची खोली मोजणाऱ्या एका ग्राहकाचे उदाहरण सांगतो. बोट एकाच रेषेवरून गेली आणि परत आली. तळाशी एक खड्डा होता. जाताना तो एका जागी नोंदला गेला, येताना तिथून सुमारे १२ मीटर दूर. सगळ्यांनी आधी अँटेनावर संशय घेतला. आम्ही पोर्ट तपासला: बॉड रेट ९६००, हँडशेक चालू, आणि तीन प्रकारची वाक्ये सेकंदाला पाच वेळा, म्हणजे सुमारे ९२५ अक्षरे. मोकळी जागा उरली फक्त ३५ अक्षरांची. दर मिनिटाला फाइल सेव्ह होताना लॅपटॉप तीनेक सेकंद अडकायचा, तेवढ्यात २७७५ अक्षरे साचायची आणि ती उपसायला ७९ सेकंद लागायचे. त्याआधीच पुढची फाइल सेव्ह व्हायची. बोट सेकंदाला दोन मीटर चालत होती. तीन सेकंदांचा उशीर म्हणजे खोलीला जोडलेले स्थान जाताना सहा मीटर मागचे, येतानाही सहा मीटर मागचे, मिळून १२. बॉड रेट ३८४०० केल्यावर तोच साठा एका सेकंदाच्या आत निघू लागला.

त्यामुळे आमचा आग्रह असा: आधी नको असलेली वाक्ये बंद करा (उपग्रहांची यादी देणारे जीएसव्ही सर्वात जास्त जागा खाते), मग बॉड रेट दोन्ही बाजूंना सारखाच वाढवा, आणि हँडशेकचा विचार त्यानंतर करा. सॉफ्टवेअरमध्ये सोय असेल तर डेटा पोर्टावर पोहोचल्याची वेळ न घेता वाक्यात लिहिलेली वेळ घ्या. ती यूटीसी असते, आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे.

हँडशेक लागलाच तर केबल बघा. नऊ पिनांच्या केबलमध्ये डेटा २ आणि ३ वरून जातो, ५ ग्राउंड आहे आणि तारांवरून होणाऱ्या हार्डवेअर हँडशेकसाठी ७ आणि ८ लागतात. बाजारातल्या स्वस्त केबलमध्ये तीनच तारा असतात. हार्डवेअर हँडशेक चालू आणि केबल तीन तारांची, असे असेल तर रिसीव्हर परवानगीची वाट बघत गप्प बसतो: दिवे लागतात, अक्षर येत नाही. मल्टिमीटरने दोन मिनिटांत कळते.

सॉफ्टवेअर हँडशेकला, म्हणजे एक्सऑन-एक्सऑफला, जादा तारा लागत नाहीत. पण त्याचे इशारे म्हणजे १७ आणि १९ क्रमांकाची अक्षरे. साध्या वाक्यांत ती येत नाहीत. रॉ डेटामध्ये (उपग्रहांची मूळ मोजमापे, जी वाक्यांत नसतात) मात्र कुठेही येतात आणि लॅपटॉप किंवा रिसीव्हर त्यांना हुकूम समजतो. रॉ डेटा घेताना हा पर्याय कृपया बंदच ठेवा.

यूएसबी कन्व्हर्टर दुसऱ्या सॉकेटमध्ये लावला की कॉम पोर्टचा (लॅपटॉपमधल्या सिरियल पोर्टचा) नंबर बदलू शकतो, तेही बघून घ्या.

एवढे करूनही अडले तर येताना रिसीव्हरबरोबर तीच केबल, तोच कन्व्हर्टर आणि शक्य असल्यास तोच लॅपटॉप आणा. आमच्या केबलवर तुमचा रिसीव्हर बहुधा नीटच चालेल आणि दोष तुमच्या साइटवरच राहील.