मेंदूतील लिम्फोमा : संयुक्त केमोथेरपीची चाचणी

मेंदू, मेरुरज्जू, डोळे किंवा मेंदूची आवरणे यांपुरत्याच राहणाऱ्या लसीका पेशींच्या कर्करोगाला मज्जासंस्थेचा प्राथमिक लिम्फोमा म्हणतात. इतरत्र होणाऱ्या लिम्फोमावर गुणकारी ठरलेली ‘चॉप’ ही औषधयोजना येथे लागू पडत नाही, कारण रक्त आणि मेंदू यांमधला अडसर तिच्यातील बरीचशी औषधे ओलांडत नाहीत. मेथोट्रेक्सेट हे केमोथेरपीचे औषध मात्र शरीराच्या पृष्ठफळाच्या दर चौरस मीटरला ३ ग्रॅम वा अधिक या मात्रेत शिरेवाटे भराभर दिले, तर मेंदूत पुरेसे पोहोचते. त्याच्या जोडीला काय द्यावे आणि ती जोड रुग्णाला सोसेल का, हाच या चाचण्यांचा गाभा आहे.

२००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ७९ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले होते. मेथोट्रेक्सेटला सायटाराबिन या दुसऱ्या औषधाची जोड दिल्यावर गाठ पूर्ण नाहीशी होण्याचे प्रमाण १८ वरून ४६ टक्क्यांवर गेले. पण रक्तपेशी गंभीर प्रमाणात घटण्याचे प्रमाणही १५ वरून ९२ टक्क्यांवर गेले. हा दुसरा आकडा पहिल्याइतकाच ठळक वाचायला हवा. २०१६ च्या चाचणीत रिटुक्सिमॅब आणि थायोटेपा यांची भर घातलेल्या चार औषधांच्या गटात पूर्ण प्रतिसाद ४९ टक्के होता, तर मूळ दोन औषधांच्या गटात २३ टक्के.

चाचणीत घेण्याआधी बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणी, लागते, आणि मुंबईत घोळ बहुधा येथेच होतो. स्कॅनमधील गाठ क्षयाची असावी असे वाटते, सूज उतरावी म्हणून स्टेरॉइड सुरू होते, रुग्ण चार दिवसांत चालू-बोलू लागतो. आणि लिम्फोमाच्या पेशी स्टेरॉइडने विरत असल्यामुळे नंतर काढलेल्या तुकड्यात निदान होण्याजोगे काहीच सापडत नाही.

परळसारख्या भागातल्या कर्करोग वॉर्डात मेथोट्रेक्सेटची पिवळी पिशवी लावण्याआधी सलाईन आणि सोडा बायकार्ब देऊन लघवी अल्कधर्मी करतात. परिचारिका दर वेळी पट्टी बुडवून रंग पाहते, कारण आम्लधर्मी लघवीत मेथोट्रेक्सेटचे स्फटिक मूत्रपिंडात साचतात. घरून आणलेल्या पिशवीतली अ‍ॅसिडिटीची पँटोप्राझोल आणि अंगदुखीची गोळी बाजूला काढून ठेवावी लागते. दोन्हींमुळे औषध शरीराबाहेर पडण्यास वेळ लागू शकतो. साधारण २४ तासांनी ल्युकोव्होरिन हे मेथोट्रेक्सेटच्या विषारी परिणामांपासून वाचवणारे औषध सुरू होते, आणि रक्तातील मेथोट्रेक्सेटची पातळी सुरक्षित मर्यादेखाली येईपर्यंत सुटी मिळत नाही.

भारतात अशी चाचणी ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री’त आधी नोंदवावी लागते आणि संमतिपत्र रुग्णाला कळेल अशा भाषेत द्यावे लागते. मेंदूच्याच आजारामुळे रुग्णाला ते उमजत नसेल, तर कायद्याने मान्य असलेला नातलग सही करतो.