‘मेखाये हमेतीम’: दोन शब्दांमागची दोन हजार वर्षं

यहुदी माणूस रोजच्या दिवशी तीनदा, सकाळ, दुपार आणि रात्री, पाय जुळवून उभा राहतो आणि ‘अमिदा’ म्हणतो. मूळच्या अठरा आशीर्वचनांची ही प्रार्थना पुढे एकोणीस आशीर्वचनांची झाली. तिचं दुसरं आशीर्वचन जेमतेम काही ओळींचं आहे, पण मेलेल्यांना जिवंत करण्याचा उल्लेख त्यात पाचदा येतो. शेवट होतो तो ‘मेखाये हमेतीम’ या शब्दांनी. अर्थ ‘मृतांना जिवंत करणारा’.

मराठी वाचक इथे हमखास पुनर्जन्माकडे वळतो, पण ही गोष्ट तशी नाही. पुनर्जन्मात आत्मा नवा देह घेतो. पुनरुत्थानात तोच माणूस, त्याच देहानिशी, एकदाच उठतो. आणि हा विश्वास यहुदी धर्मात पहिल्यापासून नव्हता.

तोरा, म्हणजे मोशेचे पाच ग्रंथ, मृत्यूनंतर काय याबद्दल जवळजवळ गप्प आहे. मेलेला माणूस ‘शिओल’मध्ये जातो. मराठी बायबलात त्याला अधोलोक म्हटलंय. तो स्वर्गही नव्हे आणि नरकही नव्हे. भला असो की बुरा, सगळे तिथेच जातात. योसेफ मेला असं समजून याकोब म्हणतो, मी शोक करत माझ्या मुलाकडे शिओलात उतरेन. ‘मेलेले परमेश्वराची स्तुती करत नाहीत’ असं 115 वं स्तोत्र सरळ सांगतं. हिशेब काय तो इथेच चुकता व्हायचा. तोरातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पाचव्या ग्रंथातला करार असा की आज्ञा पाळा, म्हणजे पाऊस वेळेवर पडेल, धान्य पिकेल, आयुष्य वाढेल.

राष्ट्रावर संकट आलं तेव्हाही हा हिशेब कसाबसा जुळत राहिला. इ.स.पू. 586 मध्ये बाबिलोनच्या फौजांनी जेरुसलेमचं मंदिर पाडलं, ते आपल्या पापांमुळे, असं संदेष्ट्यांनी सांगितलं. संदेष्टा यहेज्केलचा सुक्या हाडांच्या खोऱ्याचा दृष्टान्त याच काळातला. हाडं खडखडतात, सांध्याला सांधा जुळतो, वर मांस चढतं. पण ही हाडं म्हणजे ‘इस्राएलचं सगळं घराणं’, असा खुलासा तिथेच दिलाय. अजून प्रश्न राष्ट्राच्या परतण्याचा होता, एकेका मृत माणसाचा नव्हता.

हिशेब खरा फसला तो इ.स.पू. 167 मध्ये. यहुद्यांवर राज्य करणारा ग्रीक राजा अँटिओकस चौथा याने सुंता आणि शब्बाथ (साप्ताहिक विश्रांतीचा दिवस) यांवर बंदी आणली, पुन्हा उभं राहिलेलं मंदिर भ्रष्ट केलं. आता आज्ञा मोडणारा वाचत होता आणि पाळणारा मरत होता, तोही पाळली म्हणूनच. दीर्घायुष्याचं वचन अशा माणसाला कुठे फेडणार? त्याच धामधुमीत दानीएलच्या ग्रंथाला आजचं रूप आलं. त्याच्या 12 व्या अध्यायात म्हटलंय की धुळीत निजलेल्यांपैकी पुष्कळ जण उठतील, काही सार्वकालिक जीवनासाठी, तर काही अप्रतिष्ठेसाठी. शब्द ‘पुष्कळ’ आहे, ‘सगळे’ नव्हे. ज्यांचा हिशेब अर्धवट राहिला, त्यांच्यासाठी ही सोय होती. इराणी धर्मकल्पनांचा प्रभाव किती, यावर अभ्यासकांत वाद आहे. प्रभाव असेलही, पण गरज घरातून निर्माण झाली, असंच मला वाटतं.

पुढे यावर सरळ दोन तट पडले. मंदिराच्या पुरोहितवर्गाशी जोडलेले सदूकी पुनरुत्थान मानत नव्हते, परुशी मानत होते. इ.स. 70 मध्ये रोमनांनी दुसरं मंदिर पाडलं, त्याबरोबर सदूक्यांचा आधारही गेला. उरलेली रब्बींची, म्हणजे धर्मपंडितांची, परंपरा परुश्यांच्या अंगाने जाणारी होती. इ.स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नाने, म्हणजे रब्बींच्या नियमसंग्रहाने, नियम घातला की सर्व इस्राएलला भावी जगात वाटा आहे, पण पुनरुत्थान नाकारणाऱ्याला तो नाही.

मग तोरातून पुरावे शोधणं आलं, आणि तिथे रब्बींची कसरत बघण्यासारखी आहे. समुद्र ओलांडल्यावर मोशेने गीत गायलं, त्या वाक्यात ‘याशीर’ असं क्रियापद आहे. हिब्रूत ते रूप भविष्यासारखं दिसतं. म्हणजे ‘गायलं’ नाही, ‘गाईल’. म्हणजे मोशे पुन्हा उठणार! व्याकरणदृष्ट्या हे पटण्यासारखं नाही, पण तालमूदने, म्हणजे मिश्नावरच्या रब्बींच्या चर्चेच्या ग्रंथाने, ते जपून ठेवलं.

वादापेक्षा जास्त काम प्रार्थनेने केलं. जेरुसलेमी तालमूदप्रमाणे प्रार्थना चालवणाऱ्याकडून एखाददुसरं आशीर्वचन सुटलं तर त्याला मागे फिरवत नाहीत, पण ‘मेखाये हमेतीम’ सुटलं तर फिरवतात, कारण तो पाखंडी असल्याचा संशय येतो. याच आशीर्वचनात हिवाळ्यात, म्हणजे तिकडच्या पावसाळ्यात, ‘वारा वाहवणारा, पाऊस पाडणारा’ हे शब्द घालतात. कारण असं दिलंय की पाऊस हा मृतांच्या पुनरुत्थानाच्या तोडीचा आहे. हे शब्द विसरून पुढचं आशीर्वचन सुरू केलं, तर नियमाने अमिदा पहिल्यापासून म्हणावी लागते. मात्र पावसाच्या जागी दवाचा उल्लेख झाला असेल, तर चालून जातं.

मिश्नात आणखी एक वाक्य आहे, पुनरुत्थान एलीया संदेष्ट्याच्या हातून येईल. कोकणातले बेने इस्राएल यहुदी ज्याच्या नावाने पोहे, नारळ आणि गुळाचा मलिदा करतात, ज्याच्या रथाची खूण अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर दाखवतात, तो ‘एलियाहू हन्नबी’ हाच.

बाराव्या शतकात यहुदी तत्त्वज्ञ मैमोनिदीसने श्रद्धेची तेरा तत्त्वं मांडली आणि पुनरुत्थान तेरावं ठेवलं. पण त्याच्या धर्मसंहितेत भावी जगात देहच नाही, खाणंपिणं नाही, आत्मे तेवढे ईश्वरी तेजाचा आनंद घेतात. मग देह उठून करायचं काय? प्रोव्हान्सच्या अब्राहाम बेन दावीदने तिथेच टीप मारली की हा माणूस देहाचं पुनरुत्थान नाकारणाऱ्यांच्या जवळ गेलाय. बगदादच्या विद्यापीठाचा प्रमुखही विरोधात उतरला. 1191 मध्ये मैमोनिदीसला स्वतंत्र निबंध लिहून खुलासा द्यावा लागला: मृत उठतील, जगतील आणि पुन्हा मरतील, चिरंतन जीवन आत्म्याचंच. विरोधकांचं यानं समाधान झालं नाही. स्पेनच्या नाखमानीदीसने उलट मांडलं, की भावी जग हे पुनरुत्थानानंतरचंच, आणि देहासकट.

दरम्यान पुनर्जन्म खरोखरच आत आला. दहाव्या शतकात रब्बी सादिया गाओनने तो मूर्खपणा म्हणून झटकला होता. बाराव्या शतकाच्या अखेरपासून कब्बालाने, म्हणजे यहुदी गूढवादाने, त्याला ‘गिलगूल’ म्हणून जागा दिली, आणि सोळाव्या शतकात गालीलातल्या ‘सफेद’ गावच्या आयझॅक लुरियाच्या शिष्यांनी त्याचं सविस्तर शास्त्र केलं. अडचण उघड आहे: एका आत्म्याचे पाच देह झाले, तर उठणार कोणता? उत्तरादाखल आत्म्याचे अंश पाडले गेले. जो अंश ज्या देहात सुधारला, तो त्या देहात उठेल.

या विश्वासाचे पडसाद दफनविधीत दिसतात. सनातनी यहुदी दहन करत नाहीत. परदेशात पुरताना कबरीत पवित्र भूमीतली मूठभर माती घालतात. मिद्राशात, म्हणजे रब्बींनी बायबलवर केलेल्या कथनांत, ‘लूझ’ नावाच्या मणक्याच्या हाडाची कथा आहे. ते जात्यात दळलं जात नाही, आगीत जळत नाही, पाण्यात विरघळत नाही. ऐरणीवर ठेवून घण घातला, तर ऐरण फुटते. देवाला माणूस पुन्हा घडवायला तेवढं पुरतं.

एकोणिसाव्या शतकात सुधारणावाद्यांना हे झेपेना. 1885 च्या पिट्सबर्ग जाहीरनाम्यात अमेरिकी रब्बींनी देहाचं पुनरुत्थान ‘यहुदी धर्मात रुजलेलं नाही’ म्हणून नाकारलं आणि आत्म्याचं अमरत्व ठेवलं. दीड हजारांहून जास्त वर्षं रोज म्हटलेल्या गोष्टीला रुजलेलं नाही म्हणणं जरा धाडसाचंच. त्यांच्या प्रार्थनापुस्तकांत ‘हमेतीम’च्या जागी ‘हाकोल’, म्हणजे ‘सर्वांना जीवन देणारा’, आलं. 2007 च्या अमेरिकी सुधारणावादी प्रार्थनापुस्तकात ‘हाकोल’ तसंच आहे, पण शेजारी कंसात मृतांचा शब्द परत छापलाय. म्हणणाऱ्याने आपला निवडावा.