दम लागण्याआधी फुंकर सांगते

फुफ्फुस प्रत्यारोपणानंतरचे पहिले वर्ष नीट पार पडले की घरची माणसे निर्धास्त होतात. डोळ्यात तेल घालून जपायचे दिवस मात्र पुढेच असतात. पाच वर्षांच्या आत जवळपास निम्म्या रुग्णांच्या नव्या फुफ्फुसाचे काम कायमचे मंदावते. बहुतेकदा सुरुवात होते ती २ मिलिमीटरपेक्षाही बारीक श्वासनलिकांत. दाह धुमसत राहिला की त्यांच्या आत घट्ट तंतू साठतात, वाट बुजते आणि बुजलेली नलिका औषधाने पुन्हा मोकळी होत नाही. अशा नलिका हजारोंनी असल्याने पुष्कळशा बंद होईपर्यंत जिना चढतानाही जाणवत नाही.

म्हणून घरी छोटा स्पायरोमीटर, म्हणजे फुंकर मोजणारे यंत्र, हवाच. रोज ठरलेल्या वेळी ताठ बसून छाती भरून श्वास घ्यायचा, ओठ नळीभोवती घट्ट मिटून जोरात फुंकायचे. तीनदा फुंकून पहिल्या सेकंदात बाहेर पडलेल्या हवेचा सर्वांत चांगला आकडा वहीत लिहायचा. समजा, किमान तीन आठवड्यांच्या अंतराने आलेले दोन सर्वोत्तम आकडे २.६ आणि २.४ लिटर आहेत; त्यांची सरासरी २.५. फुंकर २.२५ वर येऊन दोन-तीन दिवस तिथेच राहिली, तर लगेच प्रत्यारोपण केंद्राला फोन करा. २.० म्हणजे २० टक्क्यांची घट. तिथे दीर्घकालीन बिघाडाचा संशय धरून तपासण्या सुरू होतात.

धोका वाढवणारे सर्वांत मोठे कारण म्हणजे शरीराने नवा अवयव नाकारणे: वारंवार येणारे तीव्र झटके आणि दात्याच्या पेशींविरुद्ध तयार झालेली प्रतिद्रव्ये. हे नाकारणे रोखणारे औषध टॅक्रोलिमस साधारणपणे दर १२ तासांनी घेतात आणि रक्तातली पातळी सकाळच्या गोळीआधी मोजतात. बदलापूरहून पहाटेची लोकल पकडणारा रुग्ण गोळी घेऊनच निघतो, पातळी फसवी चढलेली दिसते आणि डोस विनाकारण कमी होण्याची भीती असते. त्या दिवशी गोळी डबीत न्यावी, रक्त दिल्यावर घ्यावी. क्षयाचे रिफाम्पिसिन ही पातळी खूप खाली आणते, तर बुरशीवरचे व्होरिकोनाझोल ती चढवते. त्यामुळे नवे औषध केंद्राला विचारूनच.

दुसरे कारण संसर्ग. साधी वाटणारी विषाणूची सर्दीही नलिकांना इजा करून जाते. गर्दीत मास्क हवा. पावसाळ्यात भिंतीला धरलेली बुरशी किंवा खिडकीतली कबुतरांची विष्ठा रुग्णाने स्वतः साफ करू नये. पुनर्विकासाच्या धुळीपासूनही दूर राहावे.

जठरातले आम्ल झोपेत वर येऊन श्वासमार्गात झिरपते, हे सहसा लक्षातच येत नाही. रात्रीच्या जेवणानंतर तीन तासांनी आडवे व्हावे. उशांची चळत लावली तर पोट दुमडते. त्यापेक्षा पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून तो १५ ते २० सेंटिमीटर उचलावा.